चषक कुणाचा, हे आधी सांगता येते का?

आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धेचा ड्रॉ फलकावर लागला, की अमरावती-अकोल्यातल्या कॉलेजांच्या कट्ट्यांवर एकच विषय सुरू होतो : यंदा चषक कुणाचा? ‘मागच्या वर्षीचे चार खेळाडू कायम आहेत, शंभर टक्के आपलीच टीम, भाऊ!’ असे एक जण छातीठोकपणे सांगतो. ‘पण ड्रॉ पाह्यला का? सेमीलाच तगडी टीम येते,’ असे म्हणून दुसरा त्याची हवा काढतो. संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर अख्ख्या स्पर्धेचा निकाल लागलेला असतो; फक्त सामने व्हायचे राहिलेले असतात.

सामन्यांच्या या तक्त्याला आपल्याकडच्या मैदानी खेळांत ‘भाग्यपत्रिका’ असाही शब्द आहे, आणि तो मोठा नेमका आहे. निकालात भाग्याचा वाटा किती आणि कौशल्याचा किती, हा प्रश्न त्या एका शब्दातच दडलेला आहे. त्याचे बऱ्यापैकी उत्तर गणिताने देता येते. मात्र ते उत्तर हाती आले, की सर्वांत आधी बाद होतो तो ‘शंभर टक्के’ हा शब्द.

हा केवळ गमतीचा विषय नाही. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या क्षेत्रात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम हे पाच जिल्हे येतात. या जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांचे संघ एकमेकांशी भिडतात, त्यातून विद्यापीठाचा संघ आकार घेतो आणि तो पुढे आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. बाद पद्धतीच्या स्पर्धेत एका दुपारची हार म्हणजे वर्षभराच्या सरावाचा शेवट. त्या एका हारेवरून संघाची, प्रशिक्षकाची आणि कधी कधी एखाद्या मुलीच्या किंवा मुलाच्या खेळातल्या भवितव्याची किंमत ठरवली जाते. म्हणून त्या निकालावर किती विश्वास ठेवायचा, हे समजून घ्यायला हवे.

चार सामन्यांचा हिशेब

समजा, सोळा संघांची बाद पद्धतीची स्पर्धा आहे. चषक मिळवायचा तर सलग चार सामने जिंकले पाहिजेत. त्यातला एक संघ इतरांपेक्षा खरोखरच सरस आहे. किती सरस? चेंडू ताब्यात घेऊन केलेल्या शंभर चढायांपैकी तो ५० वेळा बास्केट करतो. बाकीचे संघ ४५ वेळा करतात. हिशेब सोपा राहावा म्हणून फ्री थ्रो आणि तीन गुणांचे बास्केट बाजूला ठेवू. सामन्यात दोन्ही संघांच्या वाट्याला साधारण ७० चढाया येतात असे धरू.

हे आकडे शक्यतेच्या गणितात घातले, की कोणताही एक सामना सरस संघ जिंकण्याची शक्यता सुमारे ७२ टक्के निघते. भरवसा ठेवावा असा हा आकडा आहे. पण सामने चार आहेत आणि चारही जिंकायचे आहेत. शक्यतांचा गुणाकार करावा लागतो. पहिला सामना जिंकण्याची शक्यता ७२ टक्के, पहिले दोन जिंकण्याची ५२, तीन जिंकण्याची ३७ आणि चारही जिंकण्याची सुमारे २७ टक्के.

याचा अर्थ असा, की स्पर्धेतला सर्वोत्तम संघ चषक जिंकण्यापेक्षा न जिंकण्याचीच शक्यता अधिक आहे. चारदा स्पर्धा झाली तर साधारण तीनदा चषक दुसऱ्या कुणाच्या हाती जाईल. तरीही कुणा एकाचे नाव घ्यायचेच असेल, तर याच संघाचे घ्यावे. कारण उरलेले ७३ टक्के पंधरा संघांत वाटले जातात आणि प्रत्येकाच्या वाट्याला पाच टक्केही येत नाहीत. ‘सर्वांत चांगला अंदाज’ आणि ‘बहुधा खरा ठरणारा अंदाज’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कट्ट्यावरच्या वादात नेमका इथेच घोळ होतो.

चढाया वाढल्या, की नशीब मागे पडते

वरच्या हिशेबात एकच बदल करून पाहू. ५० आणि ४५ हा फरक तसाच ठेवायचा, पण सामना छोटा करून प्रत्येकी दहाच चढायांचा करायचा. सरस संघाची जिंकण्याची शक्यता ७२ वरून सुमारे ५९ टक्क्यांवर येते. उलट चार सामन्यांचे गुण एकत्र धरून, म्हणजे २८० चढायांवर निकाल लावला, तर तीच शक्यता सुमारे ८८ टक्के होते. संघ तेच, कौशल्य तेच. बदलली ती फक्त संधींची संख्या.

यामागे आहे मोठ्या संख्यांचा नियम. स्विस गणिती याकोब बर्नुली याने तो सिद्ध केला आणि त्याच्या मृत्यूनंतर १७१३ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. नाणे दहा वेळा उडवले तर सात छापे सहज येतात. हजार वेळा उडवले तर सातशे छापे येत नाहीत. फुटबॉलमध्ये एखाददुसऱ्या गोलावर सामना फिरतो, म्हणून तिथे धक्कादायक निकाल अधिक लागतात. बास्केटबॉलमध्ये बास्केट पुष्कळ पडतात, म्हणून तिथे तुलनेने बलवान संघाचे फावते.

या खेळाच्या इतिहासातला एक सामना या संदर्भात आठवण्यासारखा आहे, आणि त्या वेळी अमरावतीची माणसेही त्याच शहरात होती. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. त्याच ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल पहिल्यांदा पदकासाठी खेळले गेले. १८९१ मध्ये हा खेळ शोधून काढणारे जेम्स नेस्मिथ स्वतः तिथे हजर होते. अंतिम सामना उघड्या मैदानावर, भर पावसात झाला. चिखलात चेंडू उसळेना, टप्पे घेत पळता येईना. अमेरिकेने कॅनडाला हरवले ते १९-८ अशा गुणांनी. अमेरिका जिंकली खरी. पण बास्केट असे मोजकेच पडू लागले, की बलवान संघाचे पारडे हलके होते आणि नशिबाचा हात लांब होतो. पावसाळी दिवशी उघड्या कोर्टवर अंदाज बांधणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

मग सरस संघच जिंकावा अशी स्पर्धा घेता येणार नाही का? येते, साखळी पद्धत त्यासाठीच आहे. पण सोळा संघांची बाद फेरी १५ सामन्यांत संपते, तर प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचे म्हटले की १२० सामने होतात. तेवढे दिवस, पंच, मैदाने आणि पैसा कुठून आणायचा? मधला मार्ग म्हणजे चार-चार संघांचे चार गट, गटात साखळी आणि मग गटविजेत्यांची उपांत्य व अंतिम फेरी. त्यात २७ सामने होतात आणि प्रत्येक संघाला किमान तीन सामने मिळतात. एका वाईट दुपारची शिक्षा त्यामुळे थोडी सौम्य होते.

पंधराव्या मानांकनाची विजेती

संघांची ताकद आकड्यात मांडण्याची एक जुनी आणि खात्रीची रीत बुद्धिबळातून आली आहे. अमेरिकेत स्थायिक झालेले हंगेरीत जन्मलेले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अर्पाद एलो यांनी ती बसवली आणि जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९७० मध्ये स्वीकारली. प्रत्येक खेळाडूला गुणांकन मिळते. दोघांत १०० गुणांचा फरक असेल तर वरच्या खेळाडूकडून शंभरपैकी सुमारे ६४ गुणांची अपेक्षा धरायची, २०० चा फरक असेल तर ७६ आणि ४०० चा असेल तर ९१. जिंकल्यावर गुणांकन वाढते, हरल्यावर घटते. आणि अनपेक्षित निकाल लागला तर ते जास्त हलते. हीच रीत आज फुटबॉल, बास्केटबॉल अशा अनेक खेळांत वापरली जाते. अमरावती-अकोल्याच्या संघांनाही मागच्या दोन-तीन वर्षांच्या निकालांवरून असे गुणांकन कागद-पेन्सिलीने देता येईल.

पण गुणांकन म्हणजे भविष्य नव्हे, याचे उदाहरण विदर्भाच्याच अंगणात आहे. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमी इथे महिलांची बुद्धिबळ विश्वचषक स्पर्धा झाली. ती बाद पद्धतीची होती आणि तीत १०७ खेळाडू होत्या. नागपूरच्या १९ वर्षांच्या दिव्या देशमुखला पंधरावे मानांकन होते. तिने दुसरे मानांकन असलेल्या चीनच्या झू जिनरला हरवले, पुढे द्रोणवल्ली हरिका आणि तान झोंगयी यांना बाद केले आणि अंतिम फेरीत कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये नमवून विजेतेपदाबरोबर ग्रँडमास्टर किताबही मिळवला.

मग गुणांकन चुकीचे होते का? नाही. पंधराव्या मानांकनाची शक्यता कमी होती, शून्य नव्हती. कमी शक्यतेच्या गोष्टी घडतात, फक्त रोज घडत नाहीत. ‘कुणी सांगितले होते?’ असे म्हणून अंदाज मोडीत काढणाऱ्यांनी आणि ‘मी सांगितलेच होते’ असे म्हणून मिरवणाऱ्यांनी, दोघांनीही हे लक्षात घ्यायला हवे.

अमेरिकेत हा छंद राष्ट्रीय वेड म्हणावा इतका वाढला आहे. तिथे दर मार्चमध्ये होणाऱ्या कॉलेज बास्केटबॉल स्पर्धेच्या मुख्य तक्त्यात ६४ संघ असतात. लाखो लोक सगळ्या ६३ सामन्यांचे निकाल आधीच भरून ठेवतात. तक्ता भरण्याच्या शक्य असलेल्या रीती किती? सुमारे ९२ वर १७ शून्ये. २०१४ मध्ये वॉरन बफे यांच्या पाठबळावर अचूक तक्त्यासाठी एक अब्ज डॉलरचे बक्षीस जाहीर झाले होते. ते कुणालाच मिळाले नाही. २०१९ मध्ये एकाचे पहिले ४९ सामने ओळीने बरोबर आले, पन्नासावा चुकला. २०१८ पर्यंत पुरुषांच्या स्पर्धेत गटातल्या पहिल्या मानांकनाचा संघ सोळाव्या मानांकनाकडून एकदाही हरला नव्हता. त्या वर्षी व्हर्जिनिया विद्यापीठाचा संघ ७४-५४ असा हरला. आपल्या सोळा संघांच्या ड्रॉचे म्हणाल, तर तोही ३२,७६८ प्रकारे संपू शकतो.

हात बसला, की तसे वाटले?

‘आज त्याचा हात बसलाय, चेंडू त्यालाच द्या,’ हे वाक्य प्रत्येक कोर्टवर ऐकू येते. सलग तीन बास्केट करणाऱ्याचे चौथेही पडणार, असे सगळ्यांना वाटते. १९८५ मध्ये थॉमस गिलोविच, रॉबर्ट व्हॅलोन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी खेळाडूंच्या नेमबाजीच्या नोंदी तपासल्या आणि हा भ्रम आहे असा निष्कर्ष काढला. तीस वर्षे ते उदाहरण पाठ्यपुस्तकांत गिरवले गेले. मग २०१८ मध्ये जोशुआ मिलर आणि अदाम सानहुर्हो यांनी त्या पद्धतीतच एक बारीक सांख्यिकी चूक दाखवून दिली. ती दुरुस्त केल्यावर हात बसण्यात थोडे तथ्य आहे असे दिसू लागले. प्रेक्षकांना वाटते तेवढे नाही, पण अगदी शून्यही नाही.

त्याहून भरवशाच्या दोन गोष्टी मात्र कट्ट्यावर क्वचितच निघतात : झोप आणि पाणी.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ११ बास्केटबॉल खेळाडूंना पाच ते सात आठवडे रोज रात्री किमान दहा तास अंथरुणात राहायला सांगण्यात आले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांच्या फ्री थ्रोची अचूकता नऊ टक्के आणि तीन गुणांच्या फेकींची ९.२ टक्के वाढली. धावण्याचा वेगही सुधारला. खेळाडू थोडे होते आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत. पण दिशा स्पष्ट आहे. वर पाहिले, की शंभरात पाच बास्केटचा फरक सामन्याचे पारडे ५० वरून ७२ टक्क्यांपर्यंत नेतो. पहाटेची एसटी धरून आलेला आणि दुपारी खेळायला उतरलेला संघ तेवढा फरक झोपेतच हरवून बसू शकतो.

तीच गोष्ट पाण्याची. घामावाटे शरीराच्या वजनाच्या दोन टक्के पाणी कमी झाले, की बास्केटबॉल खेळाडूंची नेमबाजी आणि धाव दोन्ही घसरतात, असे प्रयोगांत दिसले आहे. साठ किलोच्या खेळाडूसाठी हे प्रमाण सव्वा लिटरच्या आसपास येते. वऱ्हाडातल्या ऑक्टोबर हीटमध्ये दुपारच्या सामन्यात एवढा घाम जायला वेळ लागत नाही. म्हणून अंदाज बांधणाऱ्याने ‘कोणाची उंची किती’ याबरोबरच ‘कोण कधी पोहोचले, कालचा सामना किती वाजता संपला’ हेही विचारावे. आणि प्रशिक्षकांनी तर आधी विचारावे.

अंदाजाची परीक्षा

भाकिते वऱ्हाडाला नवी नाहीत. बुलडाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. शेतात घट मांडून धान्ये, पापड, पान-सुपारी ठेवली जाते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांत झालेल्या बदलांवरून पाऊस, पिके यांचे भाकीत सांगितले जाते. पंचक्रोशीतले शेतकरी ते ऐकायला जमतात. परंपरा म्हणून तिचे स्थान काहीही असो, विज्ञानाचा प्रश्न एकच आहे : भाकीत चुकले तर ते चुकले, हे कसे ठरवायचे? ‘पाऊस कमी-जास्त राहील’ या वाक्याला नापास करता येत नाही. हवामान खाते मोसमी पावसाचा अंदाज सरासरीच्या टक्केवारीत देते, त्यामुळे तो किती चुकला हे निदान मोजता येते.

मोजण्याची एक सोपी रीत अमेरिकी हवामानतज्ज्ञ ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये सांगितली. अंदाज आणि प्रत्यक्ष निकाल यांतला फरक घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि सगळ्यांची सरासरी काढायची. आकडा जितका लहान तितका अंदाज चांगला. ‘७० टक्के’ म्हटले आणि तो संघ जिंकला, तर दंड ०.०९, हरला, तर ०.४९. प्रत्येक वेळी ‘पन्नास-पन्नास’ म्हणणाऱ्याचा दंड कायम ०.२५.

आता कट्ट्यावरचे दोघे घ्या. दोघांनीही दहा सामन्यांत तेच संघ निवडले आणि दोघांचेही सात बरोबर आले. एक जण दर वेळी ‘शंभर टक्के’ म्हणाला, दुसरा ‘सत्तर टक्के’. पहिल्याचा सरासरी दंड ०.३० होतो, दुसऱ्याचा ०.२१. म्हणजे सात निकाल बरोबर सांगूनही छातीठोक माणूस ‘काहीच सांगता येत नाही’ म्हणणाऱ्यापेक्षा वाईट ठरतो. त्याचे ज्ञान कमी नव्हते. आपल्याला किती कळत नाही, याचा अंदाज त्याला नव्हता.

पैजेचा हिशेब

हे न कळण्याची किंमत चहाच्या पैजेत फारशी नसते. मोबाइलवरच्या सट्ट्यात ती घरादाराला मोजावी लागते. बरोबरीच्या दोन संघांवर शंभर रुपये लावा आणि जिंकल्यास १९० परत घ्या, असा भाव समजा. शंभर वेळा शंभर रुपये लावले, म्हणजे दहा हजार गेले. निम्म्या पैजा जिंकल्या तर ९,५०० परत येतात. पाचशे रुपये भाव ठरवणाऱ्याचे. नुसते बरोबरीत राहायचे तर शंभरपैकी ५३ अंदाज बरोबर यावे लागतात, तेही वर्षानुवर्षे. शिवाय तुमच्यासमोर भाव ठरवणारा हा हिशेब तुमच्यापेक्षा नक्की चांगला जाणतो.

पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. पण सवय कायद्याने लगेच सुटत नाही. जुगाराचे व्यसन हा जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात नोंदलेला मानसिक आजार आहे. हरलेले पैसे भरून काढण्यासाठी पुन्हा लावणे, रक्कम वाढवत नेणे, घरच्यांपासून लपवणे, उसनवारी करणे ही त्याची लक्षणे. हॉस्टेलवरच्या मुलात ती दिसली तर रागावण्याआधी मदत मिळवून द्यावी. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क आहे आणि चोवीस तास सुरू असतो.

अंदाज बांधूच नये असे मात्र नाही. पुढच्या स्पर्धेचा ड्रॉ लागला, की प्रत्येकाने आपापले आकडे टक्केवारीत कागदावर लिहावेत, तारीख टाकून घडी करून ठेवावी आणि स्पर्धा संपल्यावर ब्रायरचा दंड काढावा. दोन-तीन हंगामांत कुणाला किती कळते हे उघड होईल. ‘आपली टीम, सत्तावीस टक्के’ ही घोषणा गॅलरीत कुणी देणार नाही, हे खरे. पण पहिल्याच दिवशी हरून परतीच्या एसटीत बसलेल्या संघाला तिचा उपयोग आहे. दहापैकी साधारण तीन वेळा सरस संघही एखादा सामना हरतो. त्या दिवशी आपण ते तीन वेळांतले होतो की खरेच कमी पडलो, हे एका निकालावरून कळत नाही. ते कळायला पुढचा सराव आणि पुढचे सामने लागतात.